तारेपासून केसभर वर

भवानीनगरात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती गोणपाटात गुंडाळून जोतीरामकडं आणतात. जळकी तार उपसायची, नवी भरायची, वीस वर्षं त्याचा हाच धंदा. किती वेढे झाले हे त्याच्या बोटांनाच कळतं. गिऱ्हाईक समोर बसून कितीही गप्पा मारो, त्याचं मोजणं चुकत नाही. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं दुकान, आत तांब्याचा आणि वॉर्निशचा वास, असा एकूण सरळ कारभार. या माणसानं गळ्यात गिटार अडकवून स्टेजवर उभं राहावं असं त्याच्या पत्रिकेत कुणी लिहिलेलं नव्हतं.

ते झालं असं. इंदापूरच्या अविराजचा ‘स्वरगर्जना’ नावाचा ऑर्केस्ट्रा आहे. वाढदिवस, हळदी, जत्रा, ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन, जो बोलावील तिथं जातो. चार वर्षांमागं लासुर्ण्यात एका वाढदिवसाला त्यांचा अँप्लिफायर घुमायला लागला. कुणी तरी जोतीरामला दुकानातून उठवून आणलं आणि त्यानं दहा मिनिटांत अर्थिंगची खोड शोधून काढली. तेव्हापासून विजेचं बघायला तो त्यांच्याबरोबर जायला लागला. त्याच हंगामात त्यांचा बेस गिटारवाला ऐन लग्नसराईत पुण्याला निघून गेला. गिटार अविराजची होती, ती मागं राहिली. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. गाण्याचा वरचा नखरा तिच्याकडं नसतो. गाणं ज्यांच्यावर उभं राहतं ते खालचे, घुमणारे सूर ती देते. कीबोर्डवाला निहार म्हणाला, माझा डावा हात मोकळाच असतो, खालचे सूर मी देतो. त्यानं दिले आणि कुणाला काही कमी वाटलं नाही.

पण स्टेज मोकळं दिसायला लागलं. आपल्याकडं सुपारी देणारा माणूस गाणी मोजत नाही, स्टेजवरची डोकी मोजतो. एका यजमानानं अविराजला हटकलंच, “बोर्डावर सात जण हायती, हितं साहाच दिसत्यात.” पुढच्या कार्यक्रमाला अविराजनं ती काळी गिटार जोतीरामच्या गळ्यात घातली.

“तात्या, नुसतं हुबं ऱ्हायचं. वायरीचं दुसरं टोक तेवढं स्पीकरच्या बॉक्सच्या मागं दडवून टाका.”

पहिल्या दिवशी जोतीरामनं हौसेनं तारा छेडल्या. वायर कुठंच जोडलेली नव्हती, पण तारांची ती सुकी खणखण शेजारच्या गायिकेच्या माईकनं पकडली आणि तिचा सूर गेला. कार्यक्रम संपल्यावर अविराज त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “तात्या, तारंला लागायचं न्हाय. वरनं वरनं.”

मग काय, जोतीराम पडला कारागीर. जे करायचं ते नीट करायचं ही त्याची जुनी खोड. मोबाईलवर मोठमोठ्या वादकांचे व्हिडिओ लावून त्यानं त्यांचे हात बघितले. डाव्या हाताची बोटं गिटारच्या मानेवर अशी फिरवायची की बघणाऱ्याला वाटावं तार दाबली. दाबायची मात्र नाही. उजव्या हाताची दोन बोटं अशी चालवायची की तारेपासून केसभर वर राहावीत. निहारचा डावा हात जिथं पडेल तिथं, त्याच ठोक्याला, जोतीरामचं बोट. वर्षभरात असा हात बसला की निहारच म्हणायला लागला, “तात्या, तुमच्याकडं बगितलं की मलाच वाटतं आवाज तिकडनं येतोय.” आणि खोटं कशाला बोला, जोतीरामला ते ऐकून बरं वाटायचं.

घरी खरं सांगायचं त्याच्या मनात होतं. पण पहिल्या कार्यक्रमाहून तो घरी पोचायच्या आधीच व्हिडिओ घरी पोचला होता. बायको अनसूया दारात हसत उभी होती आणि सातवीतली सई मोबाईल नाचवत पुढं आली. “पप्पा, हे तुमी वाजवलं?” जोतीराम चपला काढता काढता म्हणाला, “वाजवलं थोडंफार.” या थोडंफारनं त्याचा घात केला. नंतरच्या चार वर्षांत ते शब्द परत घेण्याजोगा दिवस काही उगवला नाही. अनसूयेच्या माहेरी कऱ्हाटीला त्याला गिटारवाले दाजी म्हणायला लागले. गिटार आता त्याच्याच घरी असायची, पण वाजवून दाखवा म्हटलं की तो सांगायचा, याला करंट लागतो, मोठा बॉक्स लागतो, नुसतं वाजत न्हाय. त्यात निम्मं खरं होतं, म्हणून ते खपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती झाकलेलीच राहिली.

सई अकरावीला इंदापूरच्या कॉलेजात गेली. गणपती उठल्यावर एके दिवशी ती दप्तर न काढताच दुकानात आली. मोटारीच्या पोटात हात घालून बसलेल्या बापाला म्हणाली, “पप्पा, जानेवारीत गॅदरिंग हाय. म्या एक गाणं केलंय. कॅनॉलला पाणी सुटतं त्याच्यावर. चाल बी माझीच.”

“झकास झालं की.”

“माधवी मॅडमनी विचारलं, साथीला कोण? म्या सांगितलं, माझं पप्पा. बाकी कुणी नको. तबला नको, पेटी नको. आधी तुमचीच गिटार वाजंल, आठ ठोकं, मग म्या सुरू करणार.” आणि त्याचा चेहरा बघून ती जरा हळू बोलली, “वर्गात पोरं म्हणत्यात, ऑर्केस्ट्रात कुणाचं काय वाजतंय कळत न्हाय. म्हटलं, एकदा ऐकाच.”

नाही म्हणायला एक शब्द पुरतो. जोतीरामला तो सापडला नाही. त्यानं हातातली तार पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली आणि म्हणाला, “बगू की.” चार महिने होते. चार महिन्यांत माणूस शिकू शकतो असं त्याला त्या वेळी खरंच वाटलं. सई जे चार वर्षं सगळ्यांना सांगत आली ते एकदा, एका गाण्यापुरतं खरं करायचं, मग पुढं कुणी काही विचारलं तरी भीती नाही. त्याला तेवढंच हवं होतं.

बारामतीत कसब्यात जिन्यावरच्या दोन खोल्यांत आनंद सर गिटारचा क्लास घेतात. बँकेतून निवृत्त झालेला, मितभाषी माणूस. तरुणपणी पुण्यात बेस वाजवायचा. मंगळवारी दुपारी, पोरांच्या क्लासआधी, जोतीराम त्यांच्यासमोर जाऊन बसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चार वर्षांत पहिल्यांदाच तो हे कुणाला तरी सांगत होता. सर हसले नाहीत, याचंच त्याला रडू यायला झालं.

“धरा,” सरांनी गिटार पुढं केली.

त्यानं धरली. सर त्याच्या हाताकडं बराच वेळ बघत राहिले. “हात बघितला तर वीस वर्षं वाजवणाऱ्याचा वाटतो,” ते म्हणाले. “आता आवाज काढा.”

बोटं मानेवरून सरसर गेली आणि आली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

“दाबा, जोतीराम.”

दाबलं, तर खट्ट असा मेल्यासारखा आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सर म्हणाले, “तुमच्या बोटांना न वाजवायचा चार वर्षांचा रियाज आहे. नवीन माणूस आला असता तर मला सोपं गेलं असतं. तुमचा आधीचा उतरवावा लागेल.”

मग बोटांची बाराखडी सुरू झाली. गिटारच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये घरं. पाचव्या घरापासून सुरुवात, कारण तिथं घरं जरा जवळ असतात. तर्जनी एका घरात, मधलं बोट पुढच्यात, अनामिका त्याच्या पुढच्यात, करंगळी शेवटी. एक, दोन, तीन, चार. एक तार झाली की दुसरी, चारी तारा झाल्या की उलटं, चार, तीन, दोन, एक. ठेवलेलं बोट पुढचं बोट बसेपर्यंत उचलायचं नाही. मोबाईलमध्ये ठोका लावायचा, मिनिटाला साठ, आणि प्रत्येक ठोक्याला एकच सूर, स्वच्छ. ते जमलं की एक-तीन-दोन-चार. मग एक-चार-दोन-तीन. चार बोटांचे असे चोवीस प्रकार होतात, ते सरांनी वहीच्या कागदावर लिहून दिले.

इतर शिकणाऱ्यांच्या बोटांना फोड येतात. जोतीरामला फोड आले नाहीत, त्याची बोटं तांब्याच्या तारेनं आधीच घट्टे पडलेली. जोरही होता. अडलं ते भलत्याच ठिकाणी. अनामिका उचलली की करंगळी तिच्यामागं उठायची, आणि करंगळी टेकवायला जावं तर ती तारेच्या वर येऊन थांबायची. दाबायचंच नाही असं तिच्या अंगवळणी पडलेलं. तो तिला दुसऱ्या हातानं धरून खाली दाबायचा. शेचाळीस वर्षांचा माणूस, बिघडलेली कसलीही मोटार भरून देणारा, दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून स्वतःच्या करंगळीची मनधरणी करत बसायचा. जेवताना ताटाच्या काठावर, गाडीच्या हँडलवर, झोपताना गोधडीवर, एक-दोन-तीन-चार चालूच. अनसूया एकदा म्हणालीच, “अवं, हाताला काय झालंय तुमच्या? डॉक्टरला दावा की.”

दिवाळीपर्यंत साठचा ठोका जमला. डिसेंबर लागता लागता ऐंशी. सईच्या गाण्याला सरांनी चार सुरांची साधी, खाली उतरत जाणारी ओळ बांधून दिली, तीही बसली. एका शुक्रवारी सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “करंगळी ऐकायला लागली तुमची.” त्या दिवशी बारामतीहून येताना जोतीराम एकटाच मोठ्यानं गात आला.

पण डिसेंबर म्हणजे लग्नसराई. अविराजच्या आठवड्याला तीन-तीन, चार-चार तारखा. दुपारी जोतीरामनं बोटं दाबायला शिकवायची आणि संध्याकाळी सहाला दिवे लागले की त्याच बोटांनी केसभर वर तरंगायचं. एक दिवस निमगाव केतकीच्या हळदीत त्यानं मुद्दाम एक तार दाबून बघितली. गायिकेनं वळून असं बघितलं की त्यानं बोट चटकन उचललं. दुसऱ्या दिवशी क्लासला करंगळी पुन्हा तारेवर थांबली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

“दीड महिना तिकडं जाणं बंद करा,” सर म्हणाले.

“कसं करू सर? तारखा दिल्यात. आन् घरी इचारतील, का बंद केलं? तवा काय सांगू?”

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मोबाईलमधला ठोका पुन्हा लावला.

जोतीराम मग अविराजकडं गेला. “एक गाणं तरी वायर जोडून वाजवू दे. येतंय आता मला.” अविराज माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला, ऐकून घेतलं. “तात्या, तुमी शिकला याचा आनंदच हाय मला. पर निहारचा डावा हात हाय की. लोकांच्या लग्नात रिस्क कशाला? आन् तुमचं जे चाललंय ते झकासच चाललंय.” जोतीरामनं चहा प्याला आणि पुढच्या तारखेला तो पुन्हा स्टेजवर जाऊन उभा राहिला. दुसरं काय करणार होता.

गॅदरिंगच्या आधीच्या रविवारी आनंद सरांनी आपला छोटा बॉक्स उसना दिला. जोतीरामनं तो घरी आणला, भर दुपारी स्वयंपाकघरातल्या प्लगात लावला आणि खाटेवर बसून सईच्या गाण्याचे आठ ठोके वाजवले. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या खणखणल्या. अनसूयेनं एका हातानं पातेलं धरून ठेवलं आणि ती हसत सुटली. सईनं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं, जोतीराम खालून वाजवत राहिला, एकही सूर मेला नाही. गाणं संपल्यावर सई छातीखाली हात ठेवून म्हणाली, “पप्पा, ह्येचा आवाज पोटात येतो.”

“व्हय,” तो म्हणाला. तेव्हाच सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. सई, आजवर म्या वाजवलंच न्हवतं, आज पहिल्यांदा वाजवलं. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण अनसूया शेजारणीला बोलवायला निघाली होती, सई “परत एकदा, पप्पा” म्हणत होती, आणि त्यानं परत एकदा वाजवलं. त्या दुपारी त्यानं ते गाणं नऊ वेळा वाजवलं.

गॅदरिंगला दोघं मोटारसायकलवर निघाले, गिटार सईच्या पाठीवर. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी दणदणत होती आणि सई मागून बापाच्या खांद्यावर बोटानं ठोका धरत होती. कॉलेजच्या मैदानात मंडप घातलेला, समोर सातआठशे पोरं, दिवसाढवळ्याही स्टेजवर रंगीत दिवे लावलेले. सांस्कृतिक विभागाच्या माधवी मॅडम स्वतः गाणं शिकलेल्या. त्यांनी जोतीरामला नमस्कार केला. “सईनं तुमच्याबद्दल खूप सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “फक्त बेसवर गाणं, ही कल्पनाच मला फार आवडली.”

मंडपवाला गेणू मिक्सरपाशी बसला होता. त्यानं वायर स्टेजवर टाकली. सईनं ती उचलून स्वतःच्या हातानं गिटारला लावली, खट्‌ असं बसेपर्यंत दाबली आणि अंगठ्यानं जाड तार एकदा ओढली. सगळ्या मंडपातून एक घुमारा गेला. पुढच्या रांगेतल्या पोरी दचकून हसल्या. सईनं बापाकडं बघून मान हलवली आणि ती माईकपाशी गेली. मॅडमनी नावं पुकारली. दिवे तोंडावर आले.

जोतीरामनं मनात ठोका धरला आणि सुरू केलं. एक, दोन, तीन, चार. बोटं गेली. तर्जनी तिच्या घरात, मधलं त्याच्या घरात, अनामिका, करंगळी, सगळी आपापल्या जागी, अगदी ठोक्याला, खांदा किंचित हलतोय, मान डुलतेय. आणि आवाज नाही. त्याला आधी वाटलं वायर निघाली. त्यानं खाली बघितलं. वायर होती. मग त्यानं हाताकडं बघितलं. चारी बोटं तारेपासून केसभर वर चालली होती.

दाब, त्यानं बोटांना सांगितलं. दाब. बोटं ऐकेनात. हात त्याचाच होता, पण तो तोंडावर दिवे आले की काय करायचं हे चार वर्षांत शिकलेला हात होता, आणि तो ते काम चोख करत होता. घरी खाटेवर नऊ वेळा वाजवणारा हात कुठं गेला कुणास ठाऊक. जोरानं दाबायला जावं तर ठोका चुकेल, ठोका चुकला तर सई अडखळेल, या भीतीनं तो थांबूही शकत नव्हता आणि वाजवूही शकत नव्हता. पाच, सहा, सात. सई त्याच्याकडं वळून बघत होती. तिच्या कपाळावर आठी आली. तिनं त्याच्या बोटांकडं बघितलं, बोटांवरूनच आठवा ठोका उचलला आणि बरोबर जागेवर गायला सुरुवात केली.

चार कडवी. चारी कडवी ती एकटी गायली आणि तो शेजारी उभा राहून, एकही सूर न लावता, शेवटपर्यंत सगळं वाजवत राहिला. गाण्यातल्या कॅनॉलला पाणी सुटलं, शेतांकडच्या चाऱ्यांतून वळलं, शेवटच्या वावराला पोचलं. तिसऱ्या कडव्यात त्यानं जीव खाऊन करंगळी खाली रेटली. ती तारेच्या वर, तिथंच राहिली. जोतीरामला त्या वेळी मरून जावंसं वाटलं. दुसरा शब्द नाही त्याला. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. पोरांना काही कमी वाटलं नव्हतं. पुढच्या रांगेतले एक सर तर उठून येऊन म्हणाले, “वा, काय हात चालतो तुमचा.”

माधवी मॅडमना मात्र कान होते. स्टेजच्या मागं त्यांनी सईला जवळ घेतलं, शाबासकी दिली आणि म्हणाल्या, “पण सुरुवातीला गिटार वाजणार होती ना गं? मला काहीच ऐकू आलं नाही.”

जोतीराम गिटार पिशवीत घालत होता. आता बोलायचं, त्यानं ठरवलं. मॅडम, वाजलीच न्हाय. माझ्यानं झालं न्हाय. एवढं बोलायला काय लागतं. तो बोलणार एवढ्यात सई म्हणाली, “वायर निघाली होती मॅडम.”

ती बापाकडं न बघता म्हणाली. चेहरा अगदी सरळ, आवाज अगदी साधा. जोतीरामच्या हातात वायर होती आणि ती त्यानं आत्ता, मॅडमच्या समोर, गिटारमधून उपसून काढली होती.

“अरेरे,” मॅडम म्हणाल्या, आणि तिथनंच हाक मारली, “गेणू, किती वेळा सांगितलं तुम्हाला, वायरी नीट बघत जा. पोरीचं गाणं होतं.”

गेणू आला. “म्या तर बगितली होती मॅडम. आवाज आला होता की.” त्यानं जोतीरामकडं बघितलं. “तात्या, तुमी सांगा. आला होता न्हवं?”

जोतीरामनं सईकडं बघितलं. सई खाली बघत होती. खरं सांगावं तर पोरगी खोटी पडणार, न सांगावं तर गेणू. “निघाली आसंल नंतर,” तो म्हणाला. गेणू वायर गुंडाळत मिक्सरकडं गेला.

परत येताना जंक्शन गाव मागं पडलं. ट्रॉल्यांची रांग लागली म्हणून जोतीरामनं गाडी हळू केली, तेव्हा सई मागून म्हणाली, “कवापासनं, पप्पा?”

त्यानं न समजल्यासारखं केलं नाही. “पयल्यापासनं.”

“लासुर्ण्याच्या जत्रंला म्या मैत्रिणींना घेऊन आले हुते, तवा बी?”

“तवा बी.”

“मामाच्या लग्नात?”

“व्हय.”

पुढच्या ट्रॉलीतला ऊस वाऱ्यानं सळसळत होता. मग सईनं विचारलं, “आन् रविवारी घरी वाजलं ते? मोबाईलवर लावलं होतं का?”

“न्हाय गं,” जोतीराम म्हणाला. “त्ये म्या वाजवलं. आईशप्पथ. चार महिनं शिकलोय त्यासाठी. त्ये माझ्या हातानं वाजवलं.”

“बरं,” सई म्हणाली. मॅडमना वायरीचं सांगताना होता तसाच सरळ, साधा आवाज.

“घरी गेल्यावर वाजवून दावतो. बॉक्स हाय अजून. तू म्होरं बस आन् बग.”

आणि तेवढ्यात जोतीरामला ते दिसलं: स्वयंपाकघर, खाट, समोर सई त्याच्या बोटांकडं टक लावून बसलेली, आणि बोटं. ती दाबतील की नाही, हे त्याला आता सांगता आलं नसतं.

“नको पप्पा,” सई म्हणाली. “दमला असाल तुमी.”

त्याला हायसं वाटलं, आणि वाटलं याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं ट्रॉलीच्या बाजूनं गाडी पुढं काढली. सई गिटार सांभाळत मागं बसून राहिली आणि घर येईपर्यंत तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.